शिंगांचे फाटे मोजताना या चुका टाळा

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांचा रायफलचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली. त्यामुळे इकडे येऊन पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्या मराठी माणसाला घरात विचारायला कुणी नसतं, आणि शिंगांच्या नियमापाशी तो हमखास अडखळतो.

इथल्या व्हाइटटेल म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या नराची शिंगं आपल्या सांबर-चितळांसारखीच भरीव असतात. दर हिवाळ्यात गळतात, उन्हाळ्यात नवी येतात. 2002 पासून राज्याच्या बहुतेक भागात नियम असा आहे की एका बाजूच्या शिंगाला किमान तीन फाटे असतील तरच नर मारायचा. दीड वर्षाचा नर वाचावा, एवढ्यासाठीच हे केलं. त्याआधी पहिली शिंगं फुटली की पहिल्याच हंगामात बहुतेक नर मारले जायचे आणि पोक्त नर उरतच नव्हते. हा हेतू विसरला की पुढच्या सगळ्या चुका होतात.

घाईत केलेली मोजणी

सर्वात जास्त चुका इथेच होतात. पहाटेचा अंधुक उजेड, समोर ओकच्या वाळक्या फांद्या आणि छातीत धडधड. हरीण आडवं उभं असेल तर दोन्ही शिंगांचे फाटे एकात एक मिसळतात आणि दोनाचे चार दिसतात. अगदी समोरून पाहिलं तर पुढच्या फाट्यामागे मागचा लपतो. ते थोडं तिरकं वळेपर्यंत थांबा. खाली मान घालून ओकची फळं खात असेल तर कपाळाजवळचा छोटा फाटा, ज्याला ब्राऊ टाइन म्हणतात, कानाआड आणि केसांत जातो. मान वर करू द्या, मग मोजा.

फाटा म्हणजे किमान एक इंच लांबीचा. मुख्य शिंगाचं टोक मात्र लांबी कितीही असली तरी फाटा म्हणून धरतात. राज्याच्या पश्चिमेकडच्या काही युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, ब्राऊ टाइन सोडून तीन लागतात. म्हणून आपण कुठल्या युनिटमध्ये बसलोय हे आदल्या रात्रीच नकाशावर बघून ठेवा. लहान मुलांना नियमात सवलत आहे. मुलाला चालतं म्हणून शेजारी बसलेल्या बापालाही चालतं असं नाही.

आणि कळकळीने सांगतो, मोजायला दुर्बीण वापरा, रायफलवरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, नाही. झुडपात हललेलं ते माणूसही असू शकतं, आणि तुम्ही त्याच्यावर नळी रोखलेली असता.

फाटे म्हणजे वय, हा समज

मिसिसिपी राज्याने 1995 मध्ये दोन्ही शिंगं मिळून चार फाट्यांचा नियम राज्यभर लावला. सुपीक जमिनीवर, भरपूर खाऊन वाढलेल्या दीड वर्षाच्या नरालाही चार फाटे सहज येतात. झालं असं की त्या पिढीतले चांगले वाढलेले नर मारले गेले आणि खुरटलेले वाचले. काही भागात पुढे मोठ्या वयाच्या नरांची शिंगं लहान भरू लागली, तेव्हा राज्याने फाटे सोडून दोन शिंगांमधलं अंतर आणि मुख्य शिंगाची लांबी धरली. टेक्सासच्या अनेक काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, दोन शिंगांमधलं आतलं अंतर 13 इंच लागतं. हरणाने कान टवकारले की कानांच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच भरतं, म्हणून शिंगं कानांच्या बाहेर गेली आहेत का ते बघतात.

वय खरं कळतं दातांवरून. मारलेल्या हरणाचा खालचा जबडा उघडा आणि पुढून तिसरी दाढ बघा. तिला तीन उंचवटे असतील तर ती दुधाची, म्हणजे जनावर दीड वर्षाचं किंवा त्याहून लहान. ही दाढ पडून दोन उंचवट्यांची नवी येते. दर वर्षी हे बघत गेलात की जिवंत हरणाची बारीक मान आणि लांबुडके पाय बघूनही अंदाज येऊ लागतो.

बिनफाट्याचा नर कुचकामी मानणं

पहिल्या वर्षी सरळ काटकीसारखी शिंगं आली म्हणजे वाण खराब, असं जुने शिकारी अजून सांगतात. पाडस उशिरा जन्मलं, आईला चारा कमी मिळाला, तरीही तेच होतं. पुढच्या वर्षांत तोच नर चांगला भरू शकतो.

माद्यांकडे दुर्लक्ष

नर राखल्याने कळप आटोक्यात येत नाही. जंगलातली कोवळी रोपं संपत असतील तर माद्यांचं परमिट काढून मादीच मारावी लागते. मोठ्या शिंगांची वाट बघत हंगाम घालवणारा शिकारी जंगलाचं नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे.

रोगाच्या भागातही तोच हट्ट

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा असाध्य रोग माद्यांपेक्षा नरांत जास्त सापडतो, मोठ्या नरांत आणखी जास्त. म्हणून मिसुरीने रोगाच्या पट्ट्यातल्या काउंटींमध्ये फाट्यांचा नियम काढून टाकला. पेनसिल्व्हेनियात 2012 पासून हा रोग आहे. अशा भागातून डोकं आणि कणा बाहेर नेण्यावर निर्बंध असू शकतात, डोकं तपासणीला देता येतं.

चूक झाल्यावर लपवणं

जवळ जाऊन पाहिलं आणि तिसरा फाटा अर्ध्या इंचाचाच निघाला, तर जनावर तिथेच टाकून निघून जाऊ नका. गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, स्वतःहून फोन करा. चुकून मारलेलं जनावर ताब्यात देण्याची सोय कायद्यातच आहे आणि त्यासाठीची मुदत थोड्या तासांची असते. आधी पोट साफ करून घ्या, म्हणजे मांस खराब होणार नाही.