मिरगाच्या आधी वाळवण डब्यात घाला, नाहीतर सादळेल

मे सरत आला. जालना-परभणी-हिंगोलीकडे दुपार अजून भाजून काढतेय, त्यामुळे घाई वाटत नाही. पण ७-८ जूनला मृग लागेल, तोवर एखादा वळीवही पडून जाईल. माळवदावर पसरलेली गवार, कारली, सांडगी मिरची आताच बंद करायला हवी.

आधी माल वाळलाय का ते बघा. गवारीची शेंग कट्‌कन मोडली तर झाली, वाकली तर अजून एक ऊन द्या. मिरची आणि कारल्याच्या चकत्या मात्र फसवतात, वरून कडक आणि पोटात ओल. मूठभर माल कोरड्या काचेच्या बरणीत घालून रात्रभर झाकण घट्ट लावा. सकाळी काचेला आतून दव दिसलं किंवा चकती मऊ पडली, तर सगळी रास परत उन्हात.

भरायचं ते दुपारी, दोन ते चारच्या दरम्यान, कारण तेव्हा हवा सगळ्यात कोरडी असते. तापलेला माल तसाच कोंबला तर डब्यात वाफेचं पाणी होतं. घरात कापडावर निवू द्या आणि निवला की लगेच बंद करा. ‘उद्या भरू’ म्हणत रात्रभर उघडा ठेवाल तर केलेलं वाया. खारवलेल्या मालाला तर जास्तच जपा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं, आणि श्रावणातल्या सकाळी ती आपल्याकडेही तेवढी चढते.

तळलेले चिप्स विकणाऱ्या बचत गटांसाठी थोडं वेगळं. सादळलेला माल कोरड्या कढईत मंद आचेवर परतला की बहुतेक वेळा पुन्हा कुरकुरीत होतो. खवट झालेल्याला इलाज नाही; वरून मसाला मारून खपवू नका, गिऱ्हाईक एकदाच फसतं. करडईचं तेल आपल्या घरचं, भाजी-फोडणीला उत्तम, पण नेहमीच्या वाणांचं तेल हवेने लवकर खवटतं. टिकवायच्या मालाला शेंगदाणा तेल किंवा पामोलिन बरं. १ जुलै २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे तळणाच्या तेलात पोलर संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढणारे खराब घटक, २५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. गावात ते मोजणार कोण? तेल काळं पडलं, फेसाळलं, लवकर धुरायला लागलं की बदला.

पातळ कॅरीबॅगमधून दमट हवा आत जाते. चंदेरी अस्तराचे जाड पाऊच घ्या, १०० ग्रॅमचे. पारदर्शक पाकिटात माल छान दिसतो खरा, पण उजेडानेही तेल खवट होतं. घरच्यासाठी स्टीलचा डबा पुरे. मात्र मोठ्या डब्यातून रोज काढू नका, आठवड्यापुरतं छोट्या बरणीत घ्या. ओला हात नको.

डबे फरशीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आणि धान्याच्या किडीसाठी ज्या विषारी गोळ्या वापरतात, त्या ठेवलेल्या खोलीत हे डबे अजिबात नकोत. त्या गोळ्यांचा वायू जीवघेणा असतो.