मुलं परगावी गेल्यावर दोघांच्या घरात या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगर भागात आता अशी किती तरी घरं आहेत. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी, आणि घरात नवरा-बायको दोघंच. दर जूनमध्ये आणखी काही घरांतल्या खोल्या रिकाम्या होतात आणि मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी केलेल्या चुका तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. घर दोघांचं झालं तरी साठवण, स्वयंपाक, सहली, सरकारी कामं सगळं मुलं घरी असतानाच्या हिशोबाने चालू राहतं. बहुतेक घोळ तिथूनच होतात. त्यातला एक जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच सांगते.

चार माणसांचा गहू, आणि तोही मुलाच्या खोलीत

माळव्यात एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरायची पद्धत आहे. लोकवन किंवा शरबतीची पोती येतात, गच्चीवर ऊन दाखवायचं, चाळायचं, कोठ्या भरायच्या. पद्धत उत्तम आहे. चूक आहे ती मापात. पोळी खाणाऱ्या माणसाला दिवसाला पाव किलो कणीक म्हणजे भरपूर झाली. त्या हिशोबाने दोघांना वर्षाला पावणेदोन क्विंटलच्या आसपास गहू लागेल, आणि साठीनंतर रात्री खिचडी नाहीतर दूध-पोहे खाणाऱ्यांना तेवढाही लागत नाही. तरी चार क्विंटल भरले जातात. का, तर घरात तेवढ्या कोठ्या आहेत आणि सासूबाईंच्या वेळेपासून तेवढाच भरत आलोय.

मग कोठ्या ठेवायच्या कुठे? मुलाची खोली रिकामी आहे ना! इथे दुसरी चूक पहिलीवर चढते.

आमच्या गल्लीतल्या एका घरात हेच झालं. पूर्वी त्यांच्या कोठ्या मागच्या उघड्या पडवीत असायच्या. मुलगा हैदराबादला नोकरीला गेला तशा त्या त्याच्या खोलीत, पलंगाच्या कडेला आल्या. धूळ नको म्हणून खिडकी कायमची बंद. श्रावणात गव्हाला सोंडे लागले. काकांनी ओळखीच्या माणसाकडून गोळ्या आणल्या, फडक्यात बांधल्या आणि प्रत्येक कोठीत टाकल्या. इकडे सगळे त्यांना सल्फासच्या गोळ्या म्हणतात. राखीला मुलगा न कळवता आला. सगळ्यांना फार आनंद झाला, रात्री सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन खाणं झालं, आणि तो दार बंद करून, एसी लावून आपल्या जुन्या पलंगावर झोपला.

पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या. डोकं फुटेल असं दुखत होतं, छातीत दाबल्यासारखं होत होतं. आई-वडिलांना वाटलं, रात्रीचं खाणं बाधलं. ओवा झाला, लिंबू-सोडा झाला, आणि मुलगा पुन्हा त्याच खोलीत आडवा! काकूंनी मला हाक मारली तेव्हा उजाडलं होतं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई. खोलीच्या दारातच लसणासारखा उग्र वास आला आणि घरात लसूण सोललेला नव्हता. मुलाला आधी बाहेर अंगणात आणायला लावलं, कुणाला आत जाऊ दिलं नाही, आणि दवाखान्यात पोचल्याबरोबर पहिलं वाक्य हेच सांगायला लावलं की धान्यातल्या गोळ्यांचा वायू नाकात गेलाय. काही दिवस अतिदक्षता विभागात काढून तो बरा झाला. सगळ्यांच्या नशिबात तेवढं नसतं.

त्या गोळीत अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतला आणि धान्यातला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो किड्यांना मारतो तसाच माणसालाही मारतो, आणि त्यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात. पावसाळी दमट हवा आणि बंद खोली, याहून वाईट जोडी नाही. वासावर भरवसा ठेवू नका, कमी प्रमाणात तो जाणवतही नाही. ही गोळी गोदामांसाठी आणि शिकलेल्या माणसांच्या हातांसाठी आहे. ‘आम्ही तर वर्षानुवर्षं टाकतो, काही होत नाही’ हे वाक्य मला ऐकवू नका. उघड्या पडवीत काही झालं नाही म्हणून बंद खोलीत होणार नाही असं नसतं.

माझी सवय सांगते. दोघांपुरता, एक क्विंटलच्या आतबाहेर गहू घ्यायचा. मेच्या कडक उन्हात चांगला तापवायचा, रात्रभर गार होऊ द्यायचा आणि मगच भरायचा. गरम गहू कोठीत घातला की आत घाम धरतो आणि कीड तिथेच सुरू होते. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात. कोठी गळ्यापर्यंत भरलेली हवी, कारण आत जितकी मोकळी हवा तितकी किड्यांची सोय. पावसाळ्यात गहू काढायचा तो कोरड्या हाताने, उघडीप असताना. एवढं करून सोंडे लागलेच तर तेवढा गहू पुन्हा ऊन दाखवून, चाळून, आधी दळून संपवायचा. कमी पडला तर दुकानात पाच-दहा किलो सुटा मिळतो, त्यात कमीपणा नाही. घरात गोळ्या आधीच टाकलेल्या असतील तर त्या खोलीत कुणीही झोपायचं नाही, आणि गोळ्या स्वतः उपसायलाही जायचं नाही. कीटकनाशकाचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा.

आणि मुलाची खोली आठवड्यातून एकदा तरी उघडून, झाडून, खिडक्या मोकळ्या करा. तिथे बसून वाचा, पेटी वाजवा, शिवणयंत्र ठेवा. खोलीचं कोठार करू नका.

स्वयंपाकघर

पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन वाट्या वरण-भात लावू नका. पाणी कमी घातलं की तळ लागतो, जास्त घातलं की गाळ होतो. दोन किंवा तीन लिटरचा कुकर घ्या, एवढी एक खरेदी खरंच गरजेची आहे. दुधाचा रतीब त्याच आठवड्यात कमी करा. उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी फोडणीला टाकू नका, निवला की लगेच फ्रिजमध्ये. चिवडा-लाडवांचे डबे ‘मुलं येतील’ म्हणून भरून ठेवू नका. ती येतात तोवर खवट होतात आणि मग दोघंच ते संपवत बसतात, तेही साखर-रक्तदाबाच्या वयात.

पहिल्याच फटक्यात मोठी यात्रा

माझा दुसरा राग यावर आहे. मुलं गेली, जबाबदारी संपली, आता निघू या, असं म्हणून लोक पहिल्याच सुट्टीत चारधाम नाहीतर परदेशाची मोठी सहल ठरवतात. ज्या नवरा-बायकोनं वीस-पंचवीस वर्षं मुलांशिवाय प्रवासच केलेला नाही, त्यांना एकमेकांची चालही ठाऊक नसते. कुणाला किती वेळाने बसावं लागतं, कुणाला पहाटे उठल्यावर भूक सहन होत नाही, कुणाच्या गोळ्या कोणत्या पिशवीत, हे आतापर्यंत मुलगी बघत होती.

ओळखीतलं एक जोडपं असंच थेट केदारनाथला गेलं. देऊळ साडेतीन हजार मीटरहून उंचावर, गौरीकुंडापासून चढ सोळा किलोमीटरच्या पुढे. ते इंदुरात रोज बागेत दोन फेऱ्या मारायचे, त्या जोरावर निघाले. काकांना अर्ध्या वाटेत धाप लागली. काकू घोड्यावरून पुढे गेलेल्या. फोनला रेंज नाही, आणि औषधांची पिशवी काकूंच्या खांद्याला. सहयात्रेकरूंनी काकांना खाली आणलं म्हणून निभावलं. घरी आल्यावर दोघांनी प्रवासाचं नावच टाकलं, आणि मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचं. त्यांना फिरायची मनापासून हौस होती. घाईनं ती मारली.

आधी गावातल्या गावात दोघांनी हिंडायला शिका. सराफ्यात शनिवारी रात्री जाऊ नका, गर्दीत उभं राहायला जागा नसते. मंगळवारी-बुधवारी जा. दागिन्यांची दुकानं मिटल्यावर, नऊच्या सुमाराला खाण्याच्या गाड्या लागतात. घरून अर्धपोटी निघा आणि प्रत्येक पदार्थाची एकच प्लेट दोघांत घ्या. भुट्ट्याचा कीस, दहीवडा आणि थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, एवढं पुष्कळ झालं. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला जा आणि परत येताना रिक्षात नाटकावर भांडा. अशा संध्याकाळी जमायला लागल्या की गावाबाहेर पडा.

महेश्वर नव्वदेक किलोमीटरवर आहे. अहिल्याबाईंची राजधानी, घाट, किल्ला, हातमागावरच्या साड्या. एक मुक्काम करा. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची धावपळ केली की नर्मदेचा घाट भर दुपारी तापलेला असताना बघावा लागतो. पायऱ्या उंच आहेत, पाण्याजवळच्या निसरड्या असतात, म्हणून चपलेऐवजी पकड असलेले बूट घाला.

मांडवगडाला सगळे पावसाळी रविवारीच जातात. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंची तळी भरलेली बघायची तर पावसाळा बरोबर, पण वार बदला. रूपमती मंडपातून खाली नर्मदेची रेघ बघायची असेल तर मात्र थंडीतल्या स्वच्छ दिवशी जा. पावसाळ्यात तिथे बहुतेक वेळा ढगच हाताला लागतात. एकाच दिवसात सगळ्या इमारती करायचा हट्ट सोडा. होशंगशाहाची कबर आणि जहाज महाल नीट बघा, गोरखचिंचेची ती जाडजूड झाडं बघा, डाळ-बाफले खा आणि उजेडी परत निघा. घाटाच्या वळणांवर संध्याकाळी गाडी चालवणं साठीच्या डोळ्यांना जड जातं.

महूच्या पुढची पातालपाणी-कालाकुंड हेरिटेज गाडी दोघांच्या सहलीला फार चांगली आहे. होळकरांनी दिलेल्या कर्जातून उभ्या राहिलेल्या जुन्या मीटरगेज मार्गाचा हा तुकडा. २५ डिसेंबर २०१८ ला ही गाडी सुरू झाली. बोगदे, पूल, खाली दरी आणि शेवटी कालाकुंडचा कलाकंद. चूक अशी की लोक पावसाळी सुट्टीला थेट स्टेशनवर जाऊन तिकीट मागतात. त्या वर्षीचे वार आणि वेळा रेल्वे जाहीर करते, ते बघून आधी आरक्षण करा. आणि पातालपाणीच्या धबधब्याच्या वर, प्रवाहातल्या खडकांवर फोटोसाठी अजिबात उभे राहू नका. जुलै २०११ मध्ये तिथे एक कुटुंब असंच मधोमध अडकलं आणि लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात पडलेला असतो, आणि पाणी काही क्षणांत चढतं. तरुण पोरं उभी आहेत म्हणून आपणही उतरायचं नसतं.

रेल्वेच्या लांबच्या प्रवासाबद्दल दोनच गोष्टी. ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्या भरवशावर हिशोब करू नका. पण खालच्या बर्थचा कोटा आहे, पुरुषांना ६० पासून आणि बायकांना ४५ पासून, तो मागा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं.

‘मुलगा आला की करू’

सरकारी पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ८० वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. दिवाळीला मुलगा आला की तो करेल म्हणून लोक थांबतात. दिवाळी कधी ऑक्टोबरातच येते, मुलगा चार दिवसांत परत जातो, दाखला राहतो आणि डिसेंबरात पेन्शन अडकली की पळापळ. ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हाच दाखला, फोनवर चेहरा दाखवून होतं. ते स्वतः शिका. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल, लागू द्या. मुलाला स्क्रीन पाठवून ‘आता काय दाबू’ विचारत बसलात तर पुढच्या वर्षीही तेच.

गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवली की बॅटरी बसते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं चालवून आणा. घर बंद करून जाताना गॅसचा रेग्युलेटर आणि गिझर बंद. नर्मदेचा नळ दिवसाआड येतो, तेव्हा टाकीचा फ्लोट तपासा नाहीतर पाणी गच्चीवरून वाहील. ओला कचरा त्याच सकाळी कचऱ्याच्या गाडीत द्या. एक किल्ली शेजारी, आणि ती कुंडीखाली ठेवायची नाही.

शेवटची गोष्ट फोनची. ‘तुमच्या मुलाला अटक झाली आहे, व्हिडिओवरच राहा, कुणाला सांगू नका’ असा फोन परगावी मुलं असणाऱ्यांनाच मुद्दाम करतात, कारण मूल शेजारच्या खोलीत नाही हे त्यांना माहीत असतं. डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवा, मुलाला लावा. त्याने उचलला नाही तर त्याच्या ऑफिसातल्या किंवा खोलीवरच्या माणसाला लावा. ते नंबर आजच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे जायच्या आधी अडवता येते. तो नंबरही त्याच कागदावर लिहा.