माहेरचं आडनाव सापडत नव्हतं: १८५० पूर्वीची अमेरिकन आजी

सासूबाई कनेक्टिकटच्या. त्यांच्या पणजीच्या आजीचं नुसतं नाव ठाऊक. लग्न १७८५ च्या सुमाराचं, माहेर कोरं.

आधी जनगणना चाळली. व्यर्थ! १७९० ते १८४० च्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायका म्हणजे रकान्यातले आकडे. थडग्यावरही ‘अमुकची पत्नी’. लोकांच्या ऑनलाइन वंशवृक्षांत तीन वेगवेगळी माहेरं, पुरावा एकाचाही नाही. दोन हिवाळे त्यात गेले.

सुटलं ते असं. नवरा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला सैनिक होता, म्हणून आधी त्याच्या नावाने पेन्शनची फाइल शोधली. क्रमांकाआधी ‘डब्ल्यू’ असेल तर ती विधवेची. १८३८ च्या कायद्याने १७९४ पूर्वी लग्न झालेल्या विधवांना पेन्शन मिळे, पण लग्न सिद्ध करावं लागे. म्हणूनच फाइलमध्ये खजिना असतो. निवडक पानांवर थांबू नका; अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘एम ८०४’ या पेन्शन-फाइलींच्या मालिकेतली पूर्ण फाइल उघडा. आमच्यात घरच्या बायबलमधून फाडलेलं पान होतं, कडा कातरलेल्या, शाई तपकिरी. त्यावर लग्नाची तारीख, आडनाव नाहीच. ते होतं चार पानं पुढे, तिच्या भावाच्या प्रतिज्ञापत्राखालच्या सहीत.

मग त्या आडनावाची त्याच भागातली मृत्युपत्रं प्रोबेट नोंदींत (मृत्युपत्रांच्या न्यायालयीन दप्तरात) काढली. एकात बापाने ‘माझी मुलगी’ म्हणून तिला सासरच्या आडनावानिशी एक गाय ठेवलेली. भावाचंही नाव त्यातच.

नवऱ्याच्या आडनावाची स्पेलिंगं मात्र सगळी तपासा. आमचं तिसऱ्या स्पेलिंगखाली होतं.