१२३४५६७८९८७६५४३२१ : ही संख्या फोडताना या चुका टाळा

नऊ एक्के ओळीने लिहा, १११११११११, आणि वर्ग करा. ही सतरा अंकी संख्या येते. देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना 'डेम्लो' म्हटलं. ज्या स्टेशनवर कल्पना सुचली, त्या आजच्या डोंबिवलीचं ते जुनं नाव. दर नव्या बॅचला मी हिचे मूळ अवयव काढायला देतो आणि दर वेळी त्याच चुकांवर लाल रेघ मारतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवते ती एक्सेलवाली चूक. एकदा एका मुलाने उत्तर आणलं: संख्या सम आहे, १०० ने निःशेष भाग जातो. प्रश्नातला शेवटचा अंक १, आणि याची संख्या सम! विचारलं तर, "सर, एक्सेलमध्ये तसंच आलंय." एक्सेल पंधराच अंक सांभाळतं. शेवटच्या २१ च्या जागी त्याने दोन शून्यं ठेवली होती: १२३४५६७८९८७६५४३००. अंकांची बेरीज ८१ ची ७८ झाली, म्हणजे ९ ने जाणारा भागही गेला. पोराने त्यावर दोन पानं सुबक अक्षरात गणित केलं होतं, मला ओरडवेना. मी स्वतः पायथॉन ही संगणकभाषा वापरतो, तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो. फक्त भागाकाराला तिरक्या रेघा दोन द्यायच्या. एकच दिलीत तर परत दशांशाचा घोळ.

दुसरी चूक घाईची. आपली संख्या १११११११११ चा वर्ग, म्हणून अवयव आधी त्याचेच काढायचे. १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ येतात (यात ८ नाही, अर्धे जण सवयीने घालतात). मग मंडळी ७, ११, १३ करत ३१ पर्यंत येतात, भाग जात नाही, आणि कंटाळून 'मूळ संख्या' लिहून मोकळी होतात. पुढची पायरी होती ३७! १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७. वर्गमूळ ३५०० च्या वर असताना ३१ वर थांबायचा हक्क कोणी दिला? ३७ साठी मी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज घेतो, कारण ९९९ ला ३७ ने भाग जातो. १२ + ३४५ + ६७९ = १०३६, पुन्हा १ + ३६ = ३७. ३३३६६७ मात्र खरंच मूळ आहे, पण तेही ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितल्यावरच म्हणायचं.

म्हणजे वर्ग केल्यावर आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७². विभाजक मोजताना घातांकांचा थेट गुणाकार करू नका. आधी प्रत्येकात १ मिळवा. ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच येते, तेव्हा १६ आले की वहीत परत मागे जा.

अंकांची बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जातो? इथे जातो, पण त्या कारणाने नाही. ती कसोटी ३ आणि ९ पुरतीच. १८९९ ची बेरीज २७ आहे, २७ ने भागून बघा.

आणि दहा एक्क्यांचा वर्ग '१२३४५६७८९१०९८७६५४३२१' असा लिहिणाऱ्यांनो, हातचा कुठे गेला? मधल्या घरात दहा जमतात, तिथे शून्य. हातचा १ डावीकडच्या ९ चाही शून्य करतो आणि मग ८ चा ९. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१.