सार्डिनियाला जाताय? दंडाची पावती टाळायची तर एवढं करा

इटलीच्या या बेटावर वाळू उचलणं हा गुन्हा आहे. बाटलीभर असो की मूठभर. २०१७ च्या प्रादेशिक कायद्यानुसार वाळू, गोटे, शिंपले नेताना सापडलात तर ५०० ते ३,००० युरो दंड. तेव्हा तयारी घरापासूनच करा.

१. ला पेलोसाचं बुकिंग आधी करा. स्टिंटिनोजवळच्या या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दिवसाला १,५०० जणांनाच सोडतात. बॅगेत चटई टाका. नुसता टॉवेल वाळूवर अंथरला तर १०० युरो गेले, कारण ओल्या टॉवेलला चिकटून वाळू निघून जाते.

२. गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा. काल्यारी, अल्गेरोच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ची, म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्राची, पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा. तिथे ठरावीक वेळेत त्या भागात शिरण्याचा खास परवाना असलेल्यांनाच प्रवेश असतो. खरी फसगत ‘वारको आत्तीवो’ या अक्षरांनी होते. वाटतं रस्ता चालू आहे. अर्थ असा की कॅमेरा चालू आहे, आत शिरू नका! हवालदार अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते, आणि तुमचा पत्ता कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी वेगळे पैसे कापते ते निराळेच.

३. किनाऱ्यावर हात आवरा. ‘इस आरुतास’ किनाऱ्याची वाळू म्हणजे तांदळाची कणीच, गारगोटीची, मोह होतोच. बुदेल्ली बेटाच्या गुलाबी किनाऱ्यावर तर पाय ठेवायलाही बंदी आहे, तो होडीतूनच पाहायचा. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत १४ बाटल्यांत भरलेली ४० किलो वाळू सापडली. आठवण म्हणून नेत होतो, म्हणाले. प्रकरण तुरुंगवासाच्या कलमापर्यंत गेलं.

४. रस्त्यावरची नकली ब्रँडची पर्स घेऊ नका. इटलीत विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो, तोही ३०० युरोंपासून पुढे.

५. सामान किनाऱ्यावरच झटका, हॉटेलात नको. टॉवेल, चपला, पिशव्यांचे तळ, आणि मुख्य म्हणजे मुलांचे खिसे. विमानतळावरच्या स्कॅनरमध्ये गोटे स्पष्ट दिसतात. पोराने शिंपला लपवलेला असतोच. तो त्याच्याच हाताने, जिथून उचलला तिथे ठेवायला लावा.