‘मिलमधलं’ लोखंडी टेबल घेताना

सोलापुरात जुन्या सामानाच्या दुकानात शिरलं की ‘हे मिलमधलं आहे बरं का’ हमखास ऐकू येतं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही बंद पडलेल्या कापड गिरण्यांची नावं इथं सगळ्यांच्याच तोंडात, त्यामुळे नुसत्या नावासाठी जादा पैसे मोजू नका.

टेबल उलटं करायला लावा. सांधे रिव्हेटचे, म्हणजे ठोकून बसवलेल्या जाड खिळ्यांचे, असतील तर ठीक. वेल्डिंगचा ताजा ओघळ आणि सगळीकडे एकसारखा गंज दिसला, तर माल नवा किंवा जोडलेला असण्याची शक्यता जास्त. पाय बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असतील तर पान्यानं हलकेच ठोका. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आला तर तडा शोधा. बीड साध्या वेल्डिंगनं नीट जुळत नाही, म्हणून तडकलेला पाय स्वस्तातही नको.

सागवानी फळीखाली ताजा भुसा म्हणजे कीड अजून आत आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो घरी कोरडा घासू नका.

आणि हो, घराच्या दाराचं माप सोबत न्या. टेम्पो आणि हमाली कुणाकडे, हे भाव ठरायच्या आधीच विचारा.