चिऱ्याच्या घरात संगणकावरचे गाणे स्टिरिओवर कसे ऐकावे

कोकणातल्या जुन्या घरात संगणक आणि स्टिरिओ एका खोलीत क्वचितच नांदतात. संगणक आतल्या खोलीत मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर असतो, स्टिरिओ ओटीवरच्या कपाटात असतो आणि दोघांच्या मध्ये जांभ्या चिऱ्याची दीड-दोन फुटी भिंत असते. म्हणून आधी ही भिंत पाहावी आणि मगच दुकानात जावे.

पहिले काम म्हणजे ॲम्प्लिफायरची मागची बाजू टॉर्च लावून नीट पाहणे. तिथे ऑक्स, सीडी, टेप किंवा ट्यूनर असे लिहिलेल्या लाल-पांढऱ्या छिद्रांच्या जोड्या असतील, तर त्यांपैकी कोणतीही रिकामी जोडी चालते. ‘फोनो’ लिहिलेल्या जोडीत मात्र संगणक कधीही लावू नये, कारण ती रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणाऱ्या जेमतेम काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असते. तो संकेत ती कित्येक पटींनी वाढवते आणि शिवाय खर्ज उचलून तार स्वर दाबते, त्यामुळे संगणकाचा आवाज तिथे फाटका आणि घोगरा येतो. जुन्या काही यंत्रांना पाच पिनांचा गोल सॉकेट असतो. त्यासाठी वेगळी जोड-केबल मिळते.

दोन्ही यंत्रे एकाच खोलीत असतील, तर वायरीला पर्याय शोधू नये. एका टोकाला हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना असलेली केबल कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. लाल पिन उजवीकडची आणि पांढरी डावीकडची. संगणकाचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमीजास्त ॲम्प्लिफायरच्या बटणानेच करावे, कारण उलट केल्यास गाण्याबरोबर यंत्राचा सूं-सूं आवाजही वाढतो. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधूनच कुरकुर येत असेल, तर यूएसबीला लावायचा छोटा डॅक, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचे आवाजाच्या संकेतात रूपांतर करणारे यंत्र, घ्यावा. माझ्या मते एवढ्या एका खर्चाने जितका फरक पडतो, तितका महागड्या केबलीने पडत नाही.

वायर लावताच स्पीकरमधून अखंड घूं असा आवाज येऊ लागला, तर तो विजेच्या ५० हर्ट्झचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला, तर दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह हे त्याचे कारण समजावे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घेतल्याने पुष्कळदा काम भागते. न भागल्यास हा प्रवाह तोडणारा, केबलीच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. जांभ्याच्या कातळावर वसलेल्या घरांत मे महिन्यापर्यंत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यामुळे त्यात अधूनमधून पाणी घालणे हा संगीताइतकाच जिवाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये.

यंत्रे वेगळ्या खोल्यांत असतील, तर खरा प्रश्न सुरू होतो. ब्लूटूथ साधारण दहा मीटरपर्यंत चालते असे सांगतात, पण ते मोकळ्या जागेत. चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ते अडखळते आणि पावसाळ्यात भिंत भिजली की अधिकच. त्यापेक्षा घरातल्या वाय-फायवर गाणी पाठवावीत. त्यासाठी संगणकावर लिरियन म्युझिक सर्व्हर हे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवावे आणि ओटीवर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यात पायकोअरप्लेअर हे गाणी वाजवणारे सॉफ्टवेअर घालून, स्टिरिओला जोडावा. मग मोबाइलवरून हवे ते गाणे निवडता येते. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात आणि फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता आकार लहान केलेल्या, फायलींना त्याहून कमी, त्यामुळे वेगाची चिंता नको. खंड पडतो तो संकेत तुटल्यामुळे. म्हणून ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा, तो भिंतीतून अधिक जातो. कौलारू घरात मधल्या भिंती बहुधा आढ्यापर्यंत नेलेल्या नसतात, तेव्हा राउटर माळ्याच्या उंचीवर ठेवल्यास संकेत भिंतीवरून पलीकडे उतरतो. तरीही गाणे तुटत असेल, तर त्याच वाटेने लॅन केबल न्यावी. ती १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते. फक्त उंदरांपासून वाचवण्यासाठी पीव्हीसी पाइपात घालावी.

गाणी स्वतःच्या संगणकावर असतील, तर या साऱ्यासाठी इंटरनेट लागत नाही. आषाढात बाहेरची लाइन चार-चार दिवस बंद पडली, तरी राउटर इन्व्हर्टरवर असला की घरातले संगीत सुरू राहते. जुन्या सीड्या संगणकावर घेताना फ्लॅकमध्येच घ्याव्यात आणि नाट्यपदांना नाटकाचे व गायकाचे नाव तेव्हाच देवनागरीत द्यावे. ते पुढे करू म्हटले की होत नाही.

किनाऱ्यालगतच्या घरात याहून मोठा शत्रू म्हणजे खारा वारा. आरसीए पिनांवर काळसर थर चढतो आणि एका बाजूचा स्पीकर मुका होतो. महिन्यातून एकदा यंत्र बंद करून प्रत्येक पिन जागच्या जागी दोन-तीनदा फिरवावी आणि थर दिसल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पावसाळ्यात ॲम्प्लिफायर रोज थोडा वेळ चालू ठेवावा, त्याच्या उबेने आतला दमटपणा हटतो. वर्षभर बंद असलेले घर चाकरमान्यांनी गणपतीला उघडले, तर स्टिरिओ लगेच सुरू न करता एक-दोन दिवस हवेशीर खोलीत सुकू द्यावा. विजा कडाडत असतील, तेव्हा विजेच्या प्लगबरोबर लॅन केबलही काढावी, कारण झटका तिच्यातूनही येतो.

सुरू करताना संगणक आणि रास्पबेरी पाय आधी, ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर आधी. दिवे गेले की ॲम्प्लिफायरचे बटण लगेच बंद करून ठेवावे, म्हणजे वीज परत येताना बसणारा धक्का स्पीकरला लागत नाही.